शहापूरच्या पावसाची खबर कुठल्या फीडमध्ये?

रविवार, 7 जुलै 2024. मुसळधार पावसाने आटगाव ते तानशेतदरम्यान रुळांवर माती आली, वाशिंदजवळ झाड आडवं पडलं आणि कसारा-टिटवाळा दरम्यानच्या गाड्या थांबल्या. अशा सकाळी डबा घेऊन आसनगावच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला मोबाइलकडून एकच गोष्ट हवी असते: या घडीला गाडी कुठवर येतेय. दहा मिनिटांपूर्वीची खबर त्याच्या कामाची. तीन तासांपूर्वीची शिळी. आणि मागच्या वर्षीच्या पुराचा व्हिडिओ समोर आला तर तो घातकच, कारण तो पाहून कुणी घरी परततो, कुणी भलत्याच रस्त्याने निघतो.

मोठ्या समाजमाध्यमांवर फीड उघडल्यावर सगळ्यात वर काय दिसणार, हे वेळेवरून ठरत नाही. ते कंपनीचं गणित ठरवतं. तुम्ही कशावर थांबलात, कशाला लाइक दिलंत, कुणाच्या पोस्टवर जास्त भांडणं झाली, या सगळ्याचा हिशेब करून पुढची पोस्ट समोर येते. फेसबुकने न्यूज फीड सुरू केलं ते सप्टेंबर 2006 मध्ये. ट्विटर आणि इन्स्टाग्राम यांच्याकडे त्यानंतरही बरीच वर्षं ‘ताजं ते वर’ असा साधा क्रम होता. 2016 मध्ये दोघांनीही तो बदलला. तेव्हापासून काय ताजं आहे यापेक्षा काय खिळवून ठेवतं याला महत्त्व आलं.

या गणितात शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांची बाजू मुळातच लंगडी पडते. 2011च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी वर होती, मुरबाडची दोन लाखांच्या आत. पलीकडे मुंबई आणि तिची उपनगरं. तानसा भरून वाहू लागला, भातसा किती टक्के भरलं, या खबरा लाखो लोकांसमोर जातात, कारण त्या मुंबईच्या नळाच्या खबरा आहेत. त्याच धरणांच्या तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते, ती खबर मात्र तालुक्याबाहेर जात नाही. कुणी मुद्दाम दाबतं असं नाही. तिला लाइक देणारे हातच थोडे असतात आणि गणित हात मोजतं.

विकेंद्रित समाजमाध्यमांबद्दल लिहावंसं वाटतं ते यासाठी. आपल्याकडे ती अजून फारशी कुणाच्या बोलण्यात नाहीत. व्हॉट्सॲपचे ग्रुप आणि यूट्यूबवरची तालुक्याची चॅनेलं एवढ्यावर लोकांचं भागतं. पण विकेंद्रित माध्यमांवर एकाच खात्यात चार-पाच वेगवेगळी फीड शेजारी-शेजारी असतात, प्रत्येक फीड वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतं आणि कधी कुठलं उघडायचं ते वाचणाऱ्याच्या हातात असतं. हे नीट कळलं नाही तर माणूस पहिल्या दिवशीच कंटाळून निघून जातो.

तसं घडलेलंही आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं, तेव्हा भारतातल्या पुष्कळ लोकांनी रागाने ‘मॅस्टोडॉन’वर खाती उघडली. भारतात हे नाव गाजलं ते तेव्हा. ऑक्टोबर 2022 मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यावर जगभरातून त्याहून मोठी लाट आली. दोन्ही वेळी आलेल्यांतले पुष्कळ जण थोड्या दिवसांत परतले. माझं मत असं की त्यांना माणसं कमी पडली त्याहून जास्त फीडची समज कमी पडली. समोर आयतं ताट येईल अशी सवय घेऊन ते आले होते आणि इथे ताट आपण वाढून घ्यायचं असतं.

मॅस्टोडॉन 2016 मध्ये जर्मनीतल्या ऑयगन रोख्को या प्रोग्रामरने सुरू केलं. त्याचं सॉफ्टवेअर मुक्त आहे. कुणीही ते आपल्या सर्व्हरवर बसवू शकतं. असे हजारो सर्व्हर आहेत. प्रत्येकाचे नियम वेगळे, चालवणारे वेगळे. म्हणून खात्याच्या पत्त्याला ईमेलप्रमाणे दोन भाग असतात: माणसाचं नाव आणि सर्व्हरचं नाव. हे सर्व्हर एकमेकांशी ‘ॲक्टिव्हिटीपब’ या सामाईक पद्धतीने बोलतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जानेवारी 2018 मध्ये तिला प्रमाणित मान्यता दिली. फोटोंसाठीचं पिक्सेलफेड, व्हिडिओंसाठीचं पीअरट्यूब यांचीही भाषा तीच. मेटा कंपनीच्या थ्रेड्सनेही आपले दरवाजे काही प्रमाणात या जाळ्याकडे उघडले आहेत. या सगळ्या गोतावळ्याला ‘फेडिव्हर्स’ म्हणतात.

पहिलं फीड म्हणजे ‘होम’. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांच्या पोस्ट आणि त्यांनी पुढे ढकललेल्या, म्हणजे ‘बूस्ट’ केलेल्या, इतरांच्या पोस्ट यात येतात. क्रम वेळेचा. मध्ये कुठलं गणित नाही, जाहिरात नाही, ‘तुम्हाला हेही आवडेल’ नाही. नवीन माणसाला हे फीड रिकामं दिसतं, कारण ते खरोखरच रिकामं असतं. दहा-बारा नीट निवडलेली माणसं फॉलो केली की ते बोलू लागतं, पन्नास-साठ झाली की पुरतं.

होममध्ये एक बारकावा आहे, तो कुणी सांगत नाही. तुम्ही ज्याला फॉलो करता त्याने तिसऱ्याच कुणाला दिलेलं उत्तर तुमच्या होममध्ये एरवी येत नाही. त्या तिसऱ्यालाही तुम्ही फॉलो करत असाल तरच येतं. त्यामुळे अर्धवट संभाषणांचा कचरा साचत नाही. एखादा मित्र चांगलं लिहितो पण दिवसभर दुसऱ्यांचंच बूस्ट करत बसतो, तर फक्त त्याचे बूस्ट लपवता येतात. तो दोन भाषांत लिहीत असेल तर त्याच्या फक्त मराठी पोस्ट घेण्याची सोयही आहे. माणूस न सोडता त्याच्याकडून येणारं निवडून घ्यायचं, ही सोय मला या माध्यमाची सगळ्यात सभ्य बाजू वाटते.

दुसरं फीड ‘लोकल’. नव्या आवृत्त्यांत ते ‘लाइव्ह फीड्स’च्या खाली ‘हा सर्व्हर’ अशा अर्थाच्या नावाने असतं. लोकल म्हणजे आपला तालुका, आपली लोकल गाडी असं समजू नये. तुमच्या सर्व्हरवर खातं असलेल्या सगळ्यांच्या सार्वजनिक पोस्ट यात येतात. तुम्ही त्यांना फॉलो करत असा वा नसा. सर्व्हर युरोपातल्या छायाचित्रकारांचा असेल तर लोकलमध्ये त्यांचीच चित्रं दिसतील, तुम्ही मुरबाडात बसून पाहत असलात तरी. म्हणून सर्व्हर निवडताना मोठा कुठला हे पाहण्याऐवजी त्याचं लोकल फीड पंधरा मिनिटं वाचावं. बऱ्याच सर्व्हरवर ते खातं न उघडताही वाचता येतं.

लोकल फीडची खरी ताकद संस्थांच्या सर्व्हरवर दिसते. जर्मनीच्या केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी वेगळा मॅस्टोडॉन सर्व्हर आहे, नेदरलँड्सच्या सरकारनेही स्वतःचा उभारला, बीबीसीने 2023 मध्ये प्रयोग म्हणून आपला सुरू केला. अशा सर्व्हरवर बाहेरच्याला खातं मिळत नाही, त्यामुळे तिथलं लोकल फीड म्हणजे फक्त त्या संस्थेचा आवाज. पत्त्याचा दुसरा भाग पाहिला की खरं-खोटं कळतं. आता कल्पना करा, ठाणे जिल्हा परिषदेचा असा एक सर्व्हर आहे आणि त्यावर शहापूर-मुरबाडच्या पंचायत समित्या, प्राथमिक आरोग्य केंद्रं, शाळा यांची खाती आहेत. लसीकरणाचा दिवस, टँकरची फेरी, अतिवृष्टीची सुट्टी हे सगळं एका फीडमध्ये, वेळेच्या क्रमाने आलं असतं. आज अतिवृष्टीच्या सुट्टीचं पत्र व्हॉट्सॲपवर येतं आणि ते यंदाचं की मागच्या साली कुणीतरी जपून ठेवलेलं, हे तारीख मोठी करून पाहावं लागतं.

तिसरं फीड ‘फेडरेटेड’, म्हणजे आपला सर्व्हर आणि त्याला ठाऊक असलेले बाकीचे सर्व्हर मिळून. बहुतेकांचा घोटाळा इथे होतो. त्यांना वाटतं, यात सगळ्या जाळ्यातलं सगळं दिसत असेल. तसं नाही. आपल्या भातखाचरांकडे पाहिलं की हे चटकन कळतं. वरच्या खाचरातलं पाणी बांधाला पाडलेल्या वाटेने खालच्या खाचरात उतरतं. जिथे वाट पाडलीच नाही तिथलं पाणी कितीही वर तुंबलं तरी आपल्या खाचरात येत नाही. फेडिव्हर्समध्ये ही वाट पाडतं ते ‘फॉलो’. तुमच्या सर्व्हरवरच्या एकाने जरी दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो केलं की त्या माणसाच्या सार्वजनिक पोस्ट तुमच्या सर्व्हरकडे येऊ लागतात आणि फेडरेटेड फीडमध्ये सगळ्यांना दिसतात. कुणीच फॉलो केलं नाही तर तुमच्या सर्व्हरच्या लेखी तो माणूस जवळजवळ नाहीच.

याचे परिणाम नीट पाहावेत. मोठ्या सर्व्हरचं फेडरेटेड फीड म्हणजे जपानी, जर्मन, इंग्रजी पोस्टींचा लोंढा. वाचेपर्यंत पुढे सरकलेला. लहान सर्व्हरचं तेच फीड त्याच्या सभासदांच्या आवडीनिवडीचा आरसा असतं. आणि एकट्याने स्वतःपुरता सर्व्हर चालवला तर त्याचं फेडरेटेड फीड जवळपास त्याच्या होमएवढंच. हा रिकामेपणा घालवायला ‘रिले’ नावाची सोय आहे: अनेक लहान सर्व्हर एकाच रिलेला जोडले की त्यांच्या सार्वजनिक पोस्ट सगळ्यांकडे पोहोचतात.

आपल्यासारख्या तालुक्याच्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट अशी, की इथे वाचणारा नुसता वाचणारा राहत नाही. समजा एखाद्या सर्व्हरवर वीस मराठी माणसं आहेत. त्यांपैकी एकीने टोकावड्याच्या शेतकऱ्याला फॉलो केलं, दुसऱ्याने खर्डीच्या शिक्षिकेला, तिसऱ्याने माळशेज घाटातल्या पक्ष्यांचे फोटो टाकणाऱ्याला. उरलेल्या सतरा जणांच्या फेडरेटेड फीडमध्ये मुरबाड आणि शहापूर आपोआप येऊ लागले. फेसबुकवर तुम्ही कुणाला फॉलो करता याचा शेजाऱ्याला काही उपयोग नाही. इथे तुमचा प्रत्येक फॉलो सर्व्हरवरच्या सगळ्यांच्या कामी येतो.

चौथी वाट हॅशटॅगची. नोव्हेंबर 2022 मध्ये आलेल्या मॅस्टोडॉनच्या चौथ्या आवृत्तीपासून माणसाप्रमाणे हॅशटॅगही फॉलो करता येतो. त्या खुणेच्या पोस्ट मग थेट होममध्ये येतात. अट तीच, की पोस्ट तुमच्या सर्व्हरपर्यंत पोहोचलेली हवी. पण मराठीत हॅशटॅग आणि शब्दांवर आधारलेली फीड वापरायची तर आपल्या भाषेची वळणं ध्यानात ठेवावी लागतात, आणि इथे जरा थांबून पाहायला हवं.

यंत्राला ‘शहापूर’ हा शब्द शोधायला सांगितला. मराठी माणूस लिहितो, ‘शहापुरात पाणी भरलं’, ‘शहापुरातून निघालो’. विभक्ती लागताना ‘पू’चा ‘पु’ झाला आणि अक्षरं जशीच्या तशी जुळवणारं यंत्र त्या पोस्टवरून सरळ पुढे गेलं. ‘मुरबाड’ त्या मानाने सरळ. ‘मुरबाडला’, ‘मुरबाडहून’ यांत मूळ शब्द शाबूत राहतो. पण यंत्र पूर्ण शब्दच जुळवत असेल तर तेही सुटतं. सगळ्यात अवघड आपला कसारा. ‘कसाऱ्याला गाडी थांबलीय’ या वाक्यात ‘कसारा’ ही अक्षरं सलग कुठेच नाहीत. त्यात ‘ऱ्या’ दोन तऱ्हेने टाइप होतं. डोळ्यांना अगदी सारखं, संगणकाच्या लेखी मात्र दोन वेगळ्या अक्षरमाळा. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दाचंही तेच. म्हणजे शेतकऱ्यांविषयीचं फीड बांधणाऱ्याने एकच रूप दिलं, तर दुसऱ्या कीबोर्डवरून लिहिणारे शेतकरी त्यात येणारच नाहीत.

यावर उपाय साधा आहे आणि तो लिहिणाऱ्यांनी मिळून करायचा आहे. वाक्यात हवं तसं लिहावं, पण पोस्टच्या शेवटी गावाचं नाव विभक्ती न लावता हॅशटॅग म्हणून वेगळं टाकावं: #कसारा, #मुरबाड. वाक्यातल्या शब्दालाच चिन्ह लावून #मुरबाडला केलं की तो वेगळाच हॅशटॅग होतो. रोमन लिपीतला मुरबाडही वेगळा धरला जातो, म्हणून दोन्ही फॉलो करावेत. शहापूरच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे: बेळगावात शहापूर आहे, तिथेही मराठी बोलली जाते; कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यातही शहापूर आहे. नुसतं #शहापूर फॉलो केलं तर तिकडच्याही खबरा येतील. #शहापूरठाणे असं काहीतरी एकमताने ठरवून घेतलेलं बरं. पाच-पंचवीस जणांनी ठरवलं तरी खूण रूढ होते.

तितकाच दुर्लक्षित मुद्दा पोस्टच्या भाषेचा. मॅस्टोडॉनवर लिहिताना पोस्टची भाषा कोणती हे सांगणारं छोटं बटण असतं. ते इंग्रजीवर राहिलं आणि आपण मराठीत लिहिलं, तर त्या पोस्टवर इंग्रजीचा शिक्का बसू शकतो. मग ‘फक्त मराठी दाखव’ अशी गाळणी लावलेल्याला ती दिसत नाही आणि इंग्रजी मागणाऱ्याला विनाकारण दिसते. सेटिंगमध्ये एकदा मराठी निवडून ठेवलं की झालं. सार्वजनिक फीडमध्ये फक्त मराठी, किंवा मराठी-हिंदी एवढंच दिसावं असंही ठरवता येतं. फेडरेटेडच्या लोंढ्यात बुडणाऱ्याला हाच हात देण्यासारखा आहे. मराठी पोस्ट तिथे आजच थोड्या आहेत. त्यांवर शिक्काही चुकीचा बसला तर त्या सापडणार कशा?

पाचवी सोय ‘लिस्ट’. फॉलो केलेल्यांतून दहा-पंधरा जण वेगळे काढून त्यांचं स्वतंत्र फीड करता येतं. ‘गाडी’ नावाची लिस्ट, ‘शेती’ची लिस्ट, ‘नातेवाईक’. लिस्टमधल्या माणसांना होममधून वगळताही येतं, म्हणजे दिवसाला चाळीस पोस्ट टाकणारं बातम्यांचं खातं होम गिळून टाकत नाही. लिस्ट खासगी असते. कुणाला कशात टाकलंय हे त्याला कळत नाही.

मॅस्टोडॉनवर ‘ट्रेंडिंग’ही असतं. त्यात काय दिसावं यावर सर्व्हर चालवणाऱ्यांची नजर असते. ट्रेंड होऊ घातलेली गोष्ट दाखवण्याआधी तपासण्याची सोय सॉफ्टवेअरमध्येच आहे. आपल्या तालुक्याची गोष्ट तिथे क्वचितच चढेल. मी तिकडे फार लक्ष देत नाही.

‘ब्लूस्काय’ या दुसऱ्या विकेंद्रित माध्यमाची तऱ्हा वेगळी आहे आणि फीडच्या बाबतीत ती जास्त धाडसी आहे. 2019 मध्ये ट्विटरच्या आतच तिची कल्पना मांडली गेली, पुढे वेगळी कंपनी झाली आणि फेब्रुवारी 2024 पासून निमंत्रणाशिवाय कुणालाही खातं उघडता येऊ लागलं. इथे ‘फॉलोइंग’ हे वेळेच्या क्रमाचं फीड आहे, ‘डिस्कव्हर’ हे गणिताने निवडलेलं. आणि त्यांच्या शेजारी लोकांनी स्वतः बनवलेली असंख्य फीड आहेत. पक्ष्यांचं, खगोलशास्त्राचं, एखाद्या शहराचं. आवडलं ते पिन करायचं, की ते तुमच्या पहिल्या पडद्यावर टॅब म्हणून बसतं. प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही शब्द, हॅशटॅग, माणसांच्या याद्या देऊन फीड बांधता येईल अशी साधनं तयार झाली आहेत.

मॅस्टोडॉनपेक्षा मोठा फरक असा की ब्लूस्कायवरचं असं फीड साऱ्या जाळ्यातल्या सार्वजनिक पोस्टींमधून वेचलं जातं. कुणी कुणाला फॉलो केलंय याची अडचण नाही. वैशाखऱ्याच्या एखाद्या मुलीने कालच खातं उघडलं, तिला एकही फॉलोअर नाही, पण तिने ‘नाणेघाटात दरड आलीय’ लिहिलं, तर नाणेघाट शोधणाऱ्या फीडमध्ये तिची पोस्ट इतरांच्या बरोबरीने येते. लहान गावांना याचा केवढा आधार होऊ शकतो! दुसरी बाजूही सांगायला हवी. फीड कुणी बनवलं, कुठल्या नियमाने बनवलं हे बनवणाऱ्यालाच पक्कं ठाऊक असतं. तो उद्या नियम बदलू शकतो, निवडणुकीत एका बाजूच्या पोस्ट गाळू शकतो. म्हणून फीड पिन करण्याआधी बनवणाऱ्याचं खातं उघडून पाहावं. शिवाय ब्लूस्कायची रचना विकेंद्रित असली तरी बहुतेक लोकांची खाती अजून कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत.

दोन्हीकडे खाती सांभाळायला वेळ नसेल त्यांच्यासाठी ‘ब्रिजी फेड’ नावाचा पूल आहे. तो आपण स्वतःहून चालू केला की ब्लूस्कायवरची पोस्ट मॅस्टोडॉनवर आणि तिकडची इकडे दिसू लागते.

आता अफवेचं. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार केलं. त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर तशा अफवा फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. फॉरवर्डमध्ये मूळ लिहिणारा हरवतो, तारीख हरवते, गाव हरवतं. मॅस्टोडॉनवर बूस्ट केलेली पोस्ट मूळ लिहिणाऱ्याच्या नावानिशी, सर्व्हरच्या पत्त्यानिशी आणि मूळ वेळेसह येते. एवढ्याने खोटं थांबत नाही. कुणी जुना व्हिडिओ नव्याने चढवला तर वेळ नवीच दिसेल. पण ‘हे कुणी, कधी लिहिलं’ हा प्रश्न विचारायला जागा राहते. त्रासदायक सर्व्हर अख्खाच रोखण्याची सोय वापरणाऱ्यालाही आहे आणि सर्व्हर चालवणाऱ्यालाही. ठरावीक शब्द ठरावीक काळापुरते गाळता येतात. निवडणुकीच्या आठवड्यात मनःशांतीसाठी मला ही गाळणी फार उपयोगी वाटते.

आपल्या भागात रेंजचा प्रश्न सोडून कुठल्याच फीडबद्दल बोलता येत नाही. मुरबाड तालुक्यातलं धसई 1 डिसेंबर 2016 पासून रोकडविरहित गाव म्हणून देशभर गाजलं. बँक ऑफ बडोदाची स्वाइप यंत्रं दुकानादुकानांत आली. पण यंत्र असो की मोबाइल, समोर टॉवर नसेल तर दोन्ही मुके. कमी रेंजमध्ये वेळेच्या क्रमाचं, मजकुराचं फीड जास्त टिकून राहतं. मॅस्टोडॉनच्या सेटिंगमध्ये हलती चित्रं आपोआप सुरू होणं थांबवता येतं आणि ‘स्लो मोड’ लावला की नव्या पोस्ट आपण बोट लावल्याशिवाय आत येत नाहीत. पाचशे अक्षरांची पोस्ट, तीही नुसत्या मजकुराची, दरीतल्या पाड्यावरही उतरते.

एक सावधगिरी मात्र प्रत्येकाने बाळगावी. मॅस्टोडॉनवर एखाद्यालाच उद्देशून लिहिलेली पोस्ट ‘खासगी’ दिसते, पण ती कुलूपबंद नसते. दोन्ही बाजूंच्या सर्व्हर चालवणाऱ्यांना ती तांत्रिकदृष्ट्या वाचता येते. जमिनीचे व्यवहार, आधार क्रमांक, दवाखान्याचे रिपोर्ट तिथे पाठवू नयेत. सार्वजनिक पोस्टचीही एक मधली पायरी आहे: पोस्ट कुणालाही वाचता येते, पण लोकल, फेडरेटेड, हॅशटॅग या फीडमध्ये जात नाही. लांबलचक गप्पा त्या पायरीवर माराव्यात आणि ‘कसारा घाटात ट्रक उलटलाय’ हे मात्र पूर्ण सार्वजनिक ठेवावं. आपली कुठली पोस्ट कुठल्या फीडमध्ये जावी हे ठरवणं हाही फीड वापरण्याचाच भाग आहे.

पावसाळ्यापुरती मांडणी करायची झाली तर मी अशी करेन. होममध्ये ओळखीची, खात्रीची माणसं, साठाच्या आत. ‘गाडी-रस्ता’ नावाची एक लिस्ट: कसारा लाइनवरचे रोजचे प्रवासी, माळशेज घाटातून एसटीने ये-जा करणारे, वाशिंद-खडवलीकडचे नदीकाठचे लोक. #कसारा, #मुरबाड, #माळशेज हे हॅशटॅग दोन्ही लिप्यांत. ब्लूस्कायवर शहापूर-शहापुर-कसारा-कसाऱ्या अशी सगळी रूपं दिलेलं एक फीड. सरकारी इशाऱ्यांसाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ आहे. त्याचे इशारे आरएसएस फीडच्या रूपातही मिळतात, त्यामुळे कुणी तांत्रिक जाणकार ते घेऊन ठाणे जिल्ह्यापुरते मॅस्टोडॉनवर आणणारं खातं चालवू शकेल. सकाळी घरून निघताना लिस्ट पाहायची, रात्री जेवणानंतर होम. फेडरेटेड रविवारी, नवी माणसं शोधायला.

आणि माणसं जे विसरतात ते एक काम. बंगळुरूचं ‘कू’ मराठीतही चाललं होतं. जुलै 2024 मध्ये ते बंद झालं आणि तिथे जमवलेलं वर्तुळ त्याबरोबर गेलं. मॅस्टोडॉनचा एखादा सर्व्हरही बंद होऊ शकतो, कारण तो चालवणाऱ्याला दरमहा खर्च येतो. फरक हा की सर्व्हर चालू असतानाच खातं दुसरीकडे हलवलं तर फॉलोअर सोबत येतात. जुन्या पोस्ट मात्र येत नाहीत, त्या मागेच राहतात. म्हणून सेटिंगमधल्या ‘एक्स्पोर्ट’मध्ये जाऊन आपण फॉलो केलेल्यांची आणि लिस्टची फाइल अधूनमधून उतरवून ठेवावी. काही केबींची ती फाइल नव्या सर्व्हरवर चढवली की होम पुन्हा भरू लागतं, आणि त्या सर्व्हरवरच्या अनोळखी लोकांच्या फेडरेटेड फीडमध्येही त्या दिवसापासून टोकावडं, खर्डी, कसारा दिसू लागतात.